सुटलो एकदाचे! ख्रिस डेव्हिस निवृत्त

खारीबिस्कीट | १२ ऑगस्ट २०२१

आज सकाळी ऑफिसचा कॉल चालू असताना फोन थरथरला. बाल्टिमोर ओरिओल्सचा फर्स्ट बेसमन ख्रिस डेव्हिस निवृत्त. मी म्यूटवर होतो म्हणून बरं, नाहीतर जो सुस्कारा निघाला तो पार हैदराबादच्या टीमपर्यंत ऐकू गेला असता.

इथे बेसबॉल बघणारे आपण मोजून आठ-दहा जण, त्यात ओरिओल्सवाले किती ते देव जाणे. तरी धागा काढतोय, कारण घरात सांगून उपयोग नाही. बायको म्हणाली, "कोण, तो तुझा शर्टवाला?"

हो, तोच. २०१३ मध्ये मी त्याचा १९ नंबरचा नारिंगी शर्ट घेतला होता. त्या वर्षी पठ्ठ्याने ५३ होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) मारले, ओरिओल्सच्या इतिहासात एका मोसमात कुणी मारले नव्हते इतके. पण माझं त्याच्यावर प्रेम बसलं ते त्याच्या आधीच. मेरीलँडला येऊन मला चारच महिने झाले होते. ६ मे २०१२, रविवार. टीव्हीवर बोस्टनविरुद्धचा सामना लागला होता आणि तो काही संपेचना. नऊ इनिंगचा खेळ सतराव्या इनिंगपर्यंत गेला. पिचर संपले, म्हणून ओरिओल्सने चेंडू दिला डेव्हिसच्या हातात. त्या दिवशी बॅटिंगला तो आठ वेळा येऊन आठही वेळा रिकाम्या हाताने परतला होता, त्यात पाच स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद)! आणि या गड्याने दोन इनिंग पिचिंग केलं, एकही रन दिली नाही, ॲड्रियन गोन्झालेझसारख्याला स्ट्राइकआउट केलं आणि रेकॉर्डबुकात विजयी पिचर म्हणून नाव लावून घेतलं. मला तेव्हा बेसबॉलचे नियमही धड कळत नव्हते. पण हा माणूस आपला, हे कळलं.

२०१५ मध्ये ४७ होमरन, सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक. जानेवारी २०१६ मध्ये सात वर्षांचा करार, १६ कोटी १० लाख डॉलर. मी ऑफिसात पेढे वाटायचा बाकी होतो.

आणि मग घसरगुंडी. पहिल्या वर्षी होमरन तरी येत होते. दुसऱ्या वर्षी तेही कमी झाले. तिसऱ्या वर्षी, २०१८ मध्ये, बॅटिंग ॲव्हरेज .१६८. पात्र ठरण्याइतकी बॅटिंग केलेल्या खेळाडूंमध्ये आजवरच्या इतिहासातलं सर्वांत कमी. इतिहास म्हणजे दीडशे वर्षांचा बरं का.

८ एप्रिल २०१९ ला मी मुलाला घेऊन कॅम्डेन यार्ड्सला गेलो होतो. सोमवारची रात्र, गारठा, ४५ हजारांच्या मैदानात साडेसहा हजार माणसं. मागचा मोसम धरून डेव्हिस सलग ४४ वेळा हिटशिवाय परतला होता, नकोसा विक्रम होता ४६ चा. त्या रात्री तो पाच वेळा आला. पाचही वेळा बाद. आमच्या डोळ्यांदेखत विक्रम मोडला. गंमत म्हणजे बाकीच्यांनी धो धो रन काढल्या आणि आम्ही सामना आरामात जिंकलो. परतताना मुलगा म्हणाला, "बाबा, आपण जिंकलो ना? मग तुम्ही असे का बसलाय?"

तर मंडळी, आज मला आनंद झालाय. मनापासून. सांगा, चुकतंय का माझं काही?

अभ्या_एडिसन | १२ ऑगस्ट २०२१

+१. अजिबात चुकत नाही. मी न्यूयॉर्क यांकीजवाला. आमच्याकडे जेकोबी एल्सबरी होता, सात वर्षं, १५ कोटी ३० लाख. शेवटचा सामना २०१७ मध्ये खेळला, करारातून सुटका २०१९ च्या नोव्हेंबरात. मधली दोन वर्षं आज पाठ, उद्या टाच, परवा आणखी काही. त्याला काढला त्या दिवशी मी बायकोला बाहेर जेवायला नेलं होतं. कारण विचारलं तर म्हटलं, सहज.

मधुमालती | १२ ऑगस्ट २०२१

खारीबिस्कीट, स्पष्ट बोलते, राग मानू नका. एका माणसाचं करिअर संपलं आणि तुम्ही "सुटलो" म्हणून धागा काढताय? मे महिन्यात त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. ३५ वर्षांचा आहे फक्त. तुमच्या ऑफिसात कुणाचा परफॉर्मन्स घसरला तर तुम्ही त्याच्या खुर्चीमागे उभं राहून हुर्यो करता का?

आणि याच माणसाने आणि त्याच्या बायकोने २०१९ मध्ये बाल्टिमोरच्या मुलांच्या हॉस्पिटलला ३० लाख डॉलर दिलेत. सगळे तुमच्यासारखे त्याला शिव्या घालत होते त्याच वर्षी. हे कुठे लिहिलं नाहीत तुम्ही.

स्लिपमधला | १२ ऑगस्ट २०२१

मी क्रिकेटवाला, चुकून आलो. .१६८ म्हणजे नक्की काय ते कुणी सांगेल का? आमच्यात ॲव्हरेज १६ म्हणजे नवव्या नंबरचा बॅट्समन.

बाकी सलग अपयश म्हणाल तर आमचा अजित आगरकर. ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटीत लागोपाठ सात भोपळे, तिकडे पाच आणि उरलेले दोन वानखेडेवर, घरच्या माणसांसमोर. 'बॉम्बे डक' नाव पडलं बिचाऱ्याचं. आणि पुढच्याच वर्षी त्याने लॉर्ड्सवर नाबाद १०९ ठोकले, जिथे आपल्या सचिनसाहेबांचंसुद्धा कसोटी शतक नाही! त्यामुळे मी कुणालाच संपला म्हणत नाही.

खारीबिस्कीट | १२ ऑगस्ट २०२१

@स्लिपमधला, सोपं आहे. किती वेळा बॅटिंगला आला आणि त्यातल्या किती वेळा हिट मारून बेसवर पोचला. त्या वर्षी ४७० वेळांत ७९ हिट. चारात एक जमलं तर ठीक खेळाडू, दहात तीन जमले तर थोर. हा सहात एक. (बेसबॉलमधला थोर माणूससुद्धा दहात सात वेळा नापास होतो, हे मला या खेळात फार आवडतं. आमच्या अप्रेझलला असं असतं तर!)

आगरकरची आठवण चांगली काढलीत. पण आगरकर बोलर होता हो. त्याची बॅटिंग हा बोनस. डेव्हिसला पैसे मारण्याचेच होते.

@मधुमालती, तुमचं वाचलं. उत्तर देतो, जरा वेळ द्या.

रानवाटा | १३ ऑगस्ट २०२१

अवांतर: 'ओरिओल' म्हणजे आपला हळद्या असं इथे मागे कुणीतरी लिहिलं होतं. तर तसं नाही. बाल्टिमोर ओरिओल आणि आपला हळद्या यांचं जवळचं नातं नाही, कुळंच वेगळी. युरोपातून आलेल्यांना इथला नारिंगी-काळा पक्षी घरच्यासारखा दिसला आणि नाव चिकटलं. आमच्या अंगणात अर्धं संत्रं कापून ठेवलं की मे महिन्यात येतो. आवाज गोड.

चालू द्या तुमचं.

अभ्या_एडिसन | १३ ऑगस्ट २०२१

दिसायला एक आणि आतून भलतंच निघालं. पक्ष्याबद्दल बोलतोय हो.

कोपऱ्यातलं_टेबल | १३ ऑगस्ट २०२१

भावनांचं तुम्ही बघा, मी जरा खेळाचं बोलतो. डेव्हिस का कोसळला याला एकच कारण नाही, पण मोठं कारण नियमातच होतं. तो डावखुरा आणि जमिनीवरून जाणारा जवळजवळ प्रत्येक चेंडू उजव्या बाजूला खेचून मारणारा. २०१३ नंतर सगळ्या संघांनी आकडेवारी काढून 'शिफ्ट' लावायला सुरुवात केली, म्हणजे इनफिल्डचे (बेसजवळचे) चारपैकी तीन जण त्याच्या उजव्या हद्दीत नेऊन उभे करायचे. डावी बाजू ओस. पूर्वी जो फटका हमखास हिट व्हायचा तो आता उजवीकडच्या गवतात उभ्या असलेल्या कुणाच्या तरी ग्लोव्हजमध्ये जायचा. लोक म्हणायचे, अरे डावीकडे नुसता ढकल ना. पण ताशी ९५ मैलांनी येणारा चेंडू ढकलायचा कसा हे ओरडणाऱ्याला कुठे माहीत असतं? शिफ्टवरून मारायचा तर चेंडू हवेत हवा, आणि हवेत मारायला गेला की हुकायचा. २०१८ मध्ये १९२ स्ट्राइकआउट. म्हणजे ७९ हिटच्या अडीचपट वेळा तो चेंडूला भिडलाच नाही. वय तिशीपार, बॅटचा वेग कमी. अशा खेळाडूची उतरण हळूहळू नसते, जिना संपल्यासारखी असते.

आता करार. बेसबॉलमध्ये कराराचे पैसे हमीचे असतात. अमेरिकन फुटबॉलसारखं 'उद्यापासून येऊ नकोस' करून मोकळं होता येत नाही. घरी बसवलं तरी पैसे द्यावे लागतात. त्यामुळे संघ काय करतो, की एवढे मोजलेच आहेत तर खेळवू या. मालक पीटर अँजेलोस यांनी हट्टाने हा करार केला असं तेव्हापासून बोललं जातं. ३० व्या वर्षी, फक्त ताकदीवर खेळणाऱ्या फर्स्ट बेसमनला सात वर्षं! सही करणाऱ्याचा दोष की पेन पुढे करणाऱ्याचा?

मात्र सगळं मालकाच्या माथी मारू नका. २०१४ मध्ये आपण ९६ सामने जिंकून डिव्हिजन जिंकली, आणि सप्टेंबरात डेव्हिससाहेब परवानगी न घेता ॲडरॉल हे उत्तेजक औषध घेतल्याबद्दल २५ सामने निलंबित. प्लेऑफला बाहेर. कॅन्सस सिटीने आपल्याला ४-० धुतलं. ते मी अजून विसरलो नाही.

फेनवेची_फेणी | १३ ऑगस्ट २०२१

मूळची म्हापश्याची, आता बोस्टन. तुमच्या दुःखात सहभागी. आमच्याकडे पाब्लो सँडोव्हाल होता, पाच वर्षांचे साडेनऊ कोटी. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्याने एकदा जोरात बॅट फिरवली आणि त्याचा कमरेचा पट्टाच तुटला, भर मैदानात, टीव्हीवर. चेंडू लागला नाही ते वेगळंच. पुढच्या जुलैत त्याला सोडला तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये अनोळखी लोक एकमेकांना लिफ्टमध्ये हसून दाखवत होते.

खारीबिस्कीट | १३ ऑगस्ट २०२१

@मधुमालती, आता सविस्तर.

देणगीचं तुमचं बरोबर, मी लिहायला हवं होतं. पण तुम्हाला वाटतंय मी पैशांसाठी खूश आहे. पैसे कुठे वाचलेत? करारातले ४ कोटी २० लाख डॉलर नंतर द्यायचे ठरले होते, आणि ते हप्ते २०३७ पर्यंत चालू राहणार आहेत. माझा मुलगा तेव्हा सत्तावीस वर्षांचा असेल. न्यूयॉर्क मेट्स कधीच निवृत्त झालेल्या त्या बॉबी बोनियाला २०३५ पर्यंत दर १ जुलैला अकरा लाख नव्वद हजार देतात, लोक त्या दिवशी विनोद करतात. आता आमचाही तसा एक सण झाला. असो. माझ्या खिशातून जात नाहीत.

हुर्योचं म्हणाल तर मी मैदानात कधीच केली नाही. २०१९ च्या घरच्या पहिल्या सामन्यात तीन वेळा स्ट्राइकआउट झाल्यावर लोकांनी त्याला असं काही हिणवलं की मला टीव्ही बंद करावासा वाटला. मग त्याच्या जागी दुसऱ्याला बॅटिंगला पाठवलं आणि अख्खं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. घरच्या माणसाला उठवलं म्हणून टाळ्या! तेव्हा मी वाजवल्या नव्हत्या. सोफ्यावर बसून मनात मात्र वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

खरी गोष्ट सांगतो. मुलगा रोज रात्री दात घासता घासता विचारायचा, "बाबा, आज मारेल?" आणि मी रोज म्हणायचो, "आज मारेल." एप्रिल, मे, जून. मग पुढचं वर्ष. मला माहीत असायचं की नाही मारणार. ब्रशचा फेस तोंडात, आरशातून माझ्याकडे बघायचा, आणि मी धडधडीत खोटं बोलायचो. मागच्या वर्षी कोविडमध्ये रिकाम्या मैदानात सोळा सामने खेळला, .११५. तेव्हा लक्षात आलं की पोराने विचारणंच बंद केलंय. कधी बंद केलं तेही आठवत नाही.

मला वाईट खेळाडूचा त्रास नाही हो. २०१८ पासून आमचा संघच वाईट आहे, त्या वर्षी ११५ सामने हरलो. बाकीचे वाईट होते ते येत-जात राहिले, त्यांच्याकडून कुणी मागितलंच नव्हतं काही. याच्याकडून मागायची सवय लागली होती, कारण याने ५३ दिले होते. तो समोर उभा असला की आशा धरावीच लागायची. आज तो म्हणाला, मी थांबतो. माझी ड्यूटी संपली. हा सुस्कारा त्याचा आहे.

स्लिपमधला | १३ ऑगस्ट २०२१

समजलं. कुणाचं नाव घेत नाही, पण शेवटच्या दोन वर्षांत काही थोरांना बॅटिंगला येताना बघून मी पाणी प्यायला उठायचो. पंच बोट वर करेपर्यंत किचनमध्ये थांबायचो.

मधुमालती | १४ ऑगस्ट २०२१

ठीक आहे, दातांच्या ब्रशपाशी मी हरले. पण एक सांगते, तुम्ही ओरिओल्सवाले हे विसरता कसे?

१३ एप्रिल २०१९, फेनवे पार्क. ५४ वेळा हिटशिवाय गेल्यावर पहिल्याच इनिंगमध्ये बेस भरलेले असताना रिक पोर्सेलोच्या चेंडूवर त्याने सिंगल मारली, दोन रन आल्या. बोस्टनचं मैदान, बोस्टनचे लोक, आणि तेसुद्धा टाळ्या वाजवत होते! त्याने हसत डगआउटकडे खूण करून चेंडू मागून घेतला, पहिलीच हिट असल्यासारखा. त्या दिवशी तीन हिट, चार रन आणल्या, तुम्ही ९-५ जिंकलात.

त्याच मालिकेत एका नऊ वर्षांच्या मुलाने, बोस्टनच्या फॅनने, त्याला पत्र लिहून दिलं होतं. तू कसा खेळतोस आणि तू माणूस किती चांगला आहेस याचा काही संबंध नाही, अशा अर्थाचं. विरुद्ध संघाच्या पोराला कळलं. आपल्याला पन्नाशीला आल्यावर धागा काढावा लागतो.

फेनवेची_फेणी | १४ ऑगस्ट २०२१

त्या टाळ्यांत मी होते! कडाक्याची थंडी होती. शेजारचा म्हातारा म्हणाला, आज याला एक मिळू दे, उरलेल्या सगळ्या आपल्याला. तर याने तीन घेतल्या.

खारीबिस्कीट | १४ ऑगस्ट २०२१

ती हिट मुलाने आणि मी एकत्र बघितली होती. कोळंबी भात खात होतो. भाताचं काय झालं विचारू नका, कार्पेट अजून साक्ष देतं. नाही विसरलो, मधुमालती. लिहिलं नाही इतकंच, कारण ते लिहिलं असतं तर "सुटलो" लिहिता आलं नसतं.

कोपऱ्यातलं_टेबल | २५ ऑगस्ट २०२१

मंडळी, डेव्हिस गेला, साडेसाती नाही गेली. कालपर्यंत सलग १९ पराभव. आज एंजल्सना हरवून एकदाचे सुटलो, तेही पुढून त्यांचा स्टार ओहतानी पिचिंगला असताना. खारीबिस्कीट, आता कुणाला काढू या?

खारीबिस्कीट | २५ ऑगस्ट २०२१

ॲडमिन, धागा कुलूपबंद करता येतो का?

अभ्या_एडिसन | १२ ऑक्टोबर २०२३

धागा वर काढतोय. ओरिओल्स यंदा १०१ सामने जिंकले, डिव्हिजन जिंकली, आणि प्लेऑफमध्ये टेक्सासकडून ३-० ने गारद. टेक्सास म्हणजे डेव्हिस ज्या संघातून तुमच्याकडे आला तोच ना? देव हिशोब ठेवतो बघा.

आणि यंदापासून शिफ्टवर बंदी आली. इनफिल्डचे दोघे दोन्हीकडे उभे राहिलेच पाहिजेत. दोन वर्षं थांबला असता तर?

कोपऱ्यातलं_टेबल | १२ ऑक्टोबर २०२३

.१६८ चे .१९५ झाले असते. स्ट्राइकआउटला शिफ्ट लागत नाही.

खारीबिस्कीट | १२ ऑक्टोबर २०२३

हरलो त्याचं दुःख आहे, पण काय वर्ष गेलं! आमचा नवा हिरो ॲडली रचमन आल्यापासून कॅम्डेन यार्ड्सला तिकीट आधी काढावं लागतं. मुलगा आता चौदाचा, स्वतःच आकडे सांगतो, मला विचारत नाही. मागच्या महिन्यात त्याला तो १९ नंबरचा शर्ट कपाटात सापडला. मापात बसला. घालून मैदानात आला. पार्किंगमध्ये एक आजोबा थांबले, शर्टाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "फिफ्टी-थ्री" एवढंच म्हणून पुढे गेले.

मधुमालती | १३ ऑक्टोबर २०२३

वा! मी गेल्या वर्षी नवऱ्याच्या नोकरीमुळे बाल्टिमोरजवळ टोसनला आले आणि तुमच्या नादाने ओरिओल्सवाली झाले. सगळं छान, पण तो पिचर जॅक फ्लॅहर्टी! ऑगस्टमध्ये एवढा गाजावाजा करून आणला आणि प्रत्येक वेळी चेंडू हातात घेतला की माझ्या पोटात गोळा. करार संपतोय ना आता त्याचा? जाऊ दे बाई एकदाचा. मी तर देव पाण्यात घालून बसलेय.

खारीबिस्कीट | १३ ऑक्टोबर २०२३

"तुमच्या ऑफिसात कुणाचा परफॉर्मन्स घसरला तर तुम्ही त्याच्या खुर्चीमागे उभं राहून हुर्यो करता का?"
— मधुमालती, १२ ऑगस्ट २०२१

मधुमालती | १३ ऑक्टोबर २०२३

गप्प बसा.